मॅच लाइव्ह दाखवायची कंपनी काढायची म्हणतो

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. मुलगा एस.वाय. बी.कॉम.ला आहे. दोन वर्षं तो टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा मोबाइलवरून यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. ईएसपीएन ही अमेरिकेतली खेळांची वाहिनी काढणाऱ्या माणसाविषयी वाचल्यापासून कॉलेज सोडून कंपनी काढायची म्हणतो. कॅमेऱ्यांसाठी तीन लाख मागतोय. ह्यांच्या पीएफमधून काढून द्यावेत का?

उत्तर : ताई, नमस्कार. पीएफला आत्ता हात लावू नका. पण मुलाचं काम थांबवूही नका, त्याने धंदा बरोबर निवडलाय.

ज्यांच्याविषयी तो बोलतोय ते बिल रासमुसेन 1978 मध्ये हॉकी संघातल्या नोकरीवरून निघाले, तेव्हा 45 वर्षांचे होते. खेळाचं निवेदन, जाहिरात, विक्री हे सगळं त्यांनी आधीच केलं होतं. उपग्रहावर रोज थोडे तास घेण्यापेक्षा चोवीस तास घेणं स्वस्त पडतंय, हे त्यांना दिसलं आणि त्यातून 7 सप्टेंबर 1979 ला वाहिनी सुरू झाली. पण भांडवलासाठी तेल कंपनी गेटीला 85 टक्के हिस्सा द्यावा लागला. घरातला ताबा तिथेच गेला. मुलाला हा भागही वाचायला सांगा.

या धंद्यात माल म्हणजे हक्क. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रसारण हक्क 48,390 कोटींना गेले, ते कागदावरच्या हक्कासाठी. गल्लीतल्या स्पर्धेलाही हाच नियम. मंडळाच्या लेटरहेडवर तारीख, स्पर्धेचं नाव, चित्रण कोणाच्या चॅनेलवर राहणार, प्रायोजकाची पट्टी कोण विकणार, हे लिहून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्यायच्या. तोंडी बोलण्यावर काम केलं की फायनलच्या दिवशी दुसराच कॅमेरावाला उभा दिसतो. टीव्हीवरच्या मॅचचे तुकडे मात्र कधीच टाकू नयेत. प्रसारणाचा हक्क कायद्याने 25 वर्षं वाहिनीकडे असतो, आणि 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेली ताकीद) आले की चॅनेल बंद होतं. मैदानावरच्या डीजेची गाणी हा असाच सापळा आहे. गाणं माइकमध्ये गेलं की चालू लाइव्ह अडवलं जाऊ शकतं. म्हणून निवेदकाचा आवाज वेगळ्या वायरने थेट साउंड मिक्सरला घ्यायचा आणि मैदानाचा माइक हळू ठेवायचा.

सामान सध्या भाड्यानेच आणू दे. दोन कॅमेरे, एक स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणारं यंत्र), एक चांगला लॅपटॉप पुरतो. सीमारेषेवरच्या कॅमेऱ्याला एचडीएमआय वायर लावू नये, दहा-पंधरा मीटरपुढे चित्र तुटायला लागतं. तिथे एसडीआय, म्हणजे लांबवर चित्र नेणारी वायर हवी. फुल एचडीला साधारण 6 एमबीपीएस अपलोडचा वेग लागतो, हातात त्याच्या दुप्पट असावा. रिकाम्या मैदानावर सकाळी नेट छान असतं, पण संध्याकाळी गर्दी जमली की टॉवरवर ताण येतो. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवायची. जनरेटर आणि लॅपटॉपच्या मध्ये यूपीएस हवाच, जनरेटर बदलताना एक झटका बसला की प्रक्षेपण गेलं.

पैशाचं. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितलं जाणं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). ते मिळालं तरी पोट त्यावर भरत नाही. खरे पैसे आयोजकाची फी आणि स्थानिक प्रायोजक यांतून येतात : मिसळवाला, ज्वेलर्स, बिल्डर, क्लास. सट्टा किंवा पैसे लावायच्या अॅपची जाहिरात कितीही रक्कम मिळत असली तरी घेऊ नये, ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती गुन्हा ठरवलीय. निम्मी फी आगाऊ घ्यायची. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते. ती आणि लेखी करार असेल तर 45 दिवसांत पैसे मिळायचा कायदेशीर आधार मिळतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. चॅनेलचं नाव मात्र वर्ग 41 (मनोरंजन, खेळ यांचा वर्ग) मध्ये ट्रेडमार्क करून घ्या, ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी 4500 रुपये फी आहे.

आणखी एक गोष्ट मुलं हिशोबात धरत नाहीत. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. पावसात आझाद मैदान, शिवाजी पार्कवर कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा चालते, बाकी मैदानं सुनी पडतात. पाच महिने घर चालेल एवढं सात महिन्यांत कमवावं लागतं.

म्हणून बी.कॉम. पूर्ण करायचंच. ताळेबंद, टीडीएस, करार हे रोज लागणार आहे. पदवीनंतर क्रीडा व्यवस्थापन शिकायचं असेल तर माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी काढलेली आयआयएसएम ही संस्था मुंबईतच आहे. तोवर सुट्टीत एखाद्या प्रॉडक्शन हाउसमध्ये स्कोअर-ग्राफिक्सचं काम मिळालं तर पगार कमी असला तरी घ्यावं, चुका दुसऱ्याच्या सामानावर शिकता येतात.

येत्या हंगामात त्याला एक वही घालून द्या. प्रत्येक स्पर्धेला एक पान : फी, भाडं, माणसांचे पैसे, नेट, गाडी, उरले किती, आणि ठरलेली रक्कम कितव्या दिवशी हातात आली. मेमध्ये तुम्ही तिघं बसून ती वाचा. दहापैकी सहा स्पर्धांत पैसे उरले असतील आणि दोन मंडळांनी स्वतःहून पुढच्या वर्षाचं सांगितलं असेल, तर पहिली खरेदी म्हणून स्विचर आणि एसडीआय वायरी घ्यायला हरकत नाही. कॅमेरे त्यानंतरही भाड्यानेच.