प्लग बदलायचेत? आधी इंजिन गार होऊ द्या

गाडी सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर चालू होतेय, सिग्नलला थरथरतेय, ॲव्हरेजही पडलंय? मग मोठ्या खर्चात पडण्याआधी स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग, काढून बघा. साधे निकेलचे प्लग साधारण ३०-४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. तुमच्या गाडीचा पक्का आकडा मॅन्युअलमध्येच मिळेल. सीएनजीवर चालवत असाल तर थोडे आधीच बदला. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग तिथे लवकर मिस मारतो, म्हणजे ठिणगी चुकवतो.

इंजिन गरम असताना हात लावू नका, प्लग ज्यात बसतो त्या ॲल्युमिनियम हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) आटे जातात. कॉइल (प्लगवर बसलेला, त्याला वीज देणारा भाग) काढली की प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. जुन्या प्लगचं टोक नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळं किंवा पांढरंफटक दिसलं तर मात्र नुसते प्लग बदलून भागणार नाही, मेकॅनिकला दाखवाच.

नवा प्लग बसवताना लगेच पाना लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून हाताने फिरवा. आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. हाताने पूर्ण बसला की मगच टॉर्क रेंच (किती जोर लावला ते मोजणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. इरिडियमचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाजवळची फट, वाकवून बदलायच्या भानगडीत पडू नका. टोक नाजूक असतं, मोडतं.