किवीला पंख असतात

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘किवी : पंख आणि शेपूट नसलेला पक्षी’ एवढीच ओळ आहे. चित्रात तर त्याच्या अंगावर केस दिसतात. मग त्याला पक्षी का म्हणायचं, असं ती विचारते.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : लेकीला आधी सांगा, किवीला पंख असतात. काही सेंटीमीटरचेच, पिसांखाली पूर्ण दडलेले आणि टोकाला एक बारीक नखी असलेले. दिसेल अशी शेपूट मात्र खरंच नाही.

चित्रातले केसही पिसंच आहेत. कावळ्याचं पडलेलं पीस घ्या, विस्कटा आणि बोटांनी सारखं करा. ते पुन्हा जुळून येतं, कारण त्याच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. किवीच्या पिसांना हे आकडे नाहीत, म्हणून तंतू सुटे लोंबतात. उडायचंच नाही तर वारा अडवणारं सपाट पीस हवंय कशाला?

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती चोच. मुलाकडे न्यूझीलंडला गेले होते तेव्हा ओटोरोहांगाच्या किवी हाउसमध्ये काचेआड, मंद उजेडात किवी पाहिला. चोच मातीत खुपसायचा, काढायचा, फुस्स करून नाक मोकळं करायचा, की पुन्हा दोन पावलांवर तेच. इतर पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात, किवीच्या थेट टोकाला. त्याच टोकावर बारीक खळगे आहेत आणि त्यांत मातीतली हालचाल टिपणाऱ्या संवेदनपेशी. गांडूळ दिसावं लागतच नाही. डोळे तर इतके लहान, की न्यूझीलंडमधल्या ओकारिटोच्या जंगलात पूर्ण आंधळे, तरीही धडधाकट किवी सापडलेत.

पुस्तकातली ती ओळ मला खटकते ती याचसाठी. काय नाही तेवढं सांगितलं की पक्षी अर्धवट वाटतो. माणूस येण्यापूर्वी न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणी नव्हतेच. रात्री जमीन हुंगत किडे शोधण्याची जागा मोकळी होती, ती किवीने घेतली. पोकळ हाडांऐवजी मगजाने भरलेली जड हाडं, दणकट पाय, चोचीच्या बुडाशी मांजरासारख्या मिशा, हे सगळं त्या कामाचं आहे.

एक उणीव मात्र आज त्याच्या जिवावर उठलीय. कोंबडी खाणाऱ्यांना तिच्या छातीत मधोमध उभं असलेलं पातळ हाड माहीत असतं. उडण्याचे स्नायू त्यालाच धरलेले असतात. किवीला ते उभं हाड नाही, ना त्यावरचे जाड स्नायू. त्यामुळे कुत्र्याने नुसतं खेळात तोंडात धरलं तरी छाती चिरडते. शिवाय त्याच्या अंगाला उग्र वास. आभाळातून नजरेने शिकार हेरणाऱ्या गरुडांपुढे तो वास कधी नडला नाही. कुत्र्याला मात्र तो सरळ बिळापर्यंत नेतो. 1987मध्ये तिथल्याच वाईटांगीच्या जंगलात एकाच मोकाट कुत्र्याने सुमारे 500 किवी मारले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे वाचल्यावर मला कितीतरी दिवस चैन पडलं नव्हतं.

प्रश्न : किवीचं अंडं आईच्या मानाने फार मोठं असतं म्हणतात. किती?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या तपकिरी किवीची मादी पावणेतीन किलोच्या आसपास भरते आणि अंडं साधारण 450 ग्रॅमचं. शेवटच्या दिवसांत ते पोटातली एवढी जागा व्यापतं, की तिला धड खाताही येत नाही. अंड्यात सुमारे 65 टक्के बलक. बहुतेक पक्ष्यांत तो 35 ते 40 टक्के असतो. या जातीत पुढचे अडीच महिने किंवा त्याहून जास्त काळ नर अंडं उबवतो. पिल्लू पायांनी कवच फोडून बाहेर येतं. त्याला कोणी भरवत नाही. पहिले काही दिवस पोटात उरलेल्या बलकावरच निघतात, मग ते स्वतः चरायला बाहेर पडतं. इथेच घात होतो. युरोपीय लोकांनी सशांचा बंदोबस्त करायला आणलेले स्टोट, म्हणजे मुंगसाहून लहान, चपळ शिकारी प्राणी, अशा पिल्लांना गाठतात. जिथे राखण नाही तिथे शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास पिल्लं मोठी होतच नाहीत. म्हणून 1990च्या दशकापासून तिथले लोक जंगलातून अंडी उचलून यंत्रात उबवतात आणि पिल्लू किलोभराचं, म्हणजे स्टोटला लाथ मारण्याइतकं झालं, की परत सोडतात.