‘आम्ही जाऊया’: बाबांना धरून की सोडून?

नेरुळच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. ते मराठी, बायको लखनौची. मुलीशी ते फक्त मराठीत बोलतात, आई फक्त हिंदीत. पाच वर्षांची मुलगी दोन्ही भाषा भराभर बोलते, पण वडिलांनाच म्हणते, ‘बाबा, आम्ही बागेत जाऊया?’ किंवा ‘आमच्या घरी पाहुणे आलेत.’ कधी एकटीच असली तरी ‘आम्हाला तहान लागली’. ‘आपण’ तिच्या तोंडी येतच नाही. हे चूक म्हणायचं का, आणि सुधारायचं कसं?

चूक आहे, पण मोठी लोभस चूक आहे. त्या वाक्यातलं सर्वनाम बाबांना दाराबाहेर ठेवतं आणि क्रियापद त्यांचा हात धरून बागेत नेतं. ‘जाऊया’ हे रूप ऐकणाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून ते ‘आपण’शीच जुळतं. ती ‘आम्ही जाऊ का?’ म्हणाली असती तर वाक्य शुद्ध झालं असतं, पण तुम्ही घरीच बसला असता.

शब्द तिने तसा बरोबरच उचलला आहे. ‘आम्ही’ आणि ‘हम’ दोघेही प्राकृत ‘अम्हे’ची लेकरं. हिंदीत ‘हम’ एकटाच सगळा संसार ओढतो: ऐकणारा धरूनही ‘हम’, सोडूनही ‘हम’. आणि लखनौकडे तर ‘मी’च्या जागीही ‘हम’. तहानेचं कोडं तिथेच सुटलं. (मराठीत एकट्याने ‘आम्ही’ म्हणायचा मान राजांना आणि कवींना.) मराठीने मात्र संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला ‘आपण’ ऐकणाऱ्याला धरून बोलण्याच्या कामाला जोडून घेतला. हिंदीत त्याच घराण्यातला ‘आप’ समोरच्याला मान देण्यात गुंतला. आपल्याकडे ‘आपण बसावं’मध्ये तेही काम ‘आपण’च करतो.

आई गुजराती असती तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता, कारण तिथे ‘अमे’ आणि ‘आपणे’ असे दोन वेगळे शब्द आहेत. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’. ठाण्यात आमच्या समोरच्या घरी वडील मल्याळी, आई मराठी. तिथला मुलगा लिंगाचे घोळ भरपूर घालतो, ‘माझा चप्पल’ रोज ऐकू येतो, पण ‘आम्ही-आपण’ कधी चुकत नाही, कारण ‘ञङ्ङळ’ आणि ‘नम्मळ’ हा भेद त्याच्याकडे घरचाच. आपल्या भाषेतला हा भेद द्राविड भाषांच्या शेजारातून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे सगळ्यात जवळची शेजारीण कन्नड, ती आज एकट्या ‘नावु’वर भागवते. आणि सगळ्या हिंदीलाही दोष नको: भोपाळ-इंदूरकडे ‘अपन चलते हैं’ सर्रास ऐकू येतं.

पण माझ्या मते खरी अडचण व्याकरणाची नाही, तुमच्या जेवणाच्या टेबलाची आहे. तुम्ही मुलीशी मराठीत बोलता, ठीक. बायकोशी कोणत्या भाषेत बोलता? हिंदीतच ना? मग तिघांचे बेत, ‘रविवारी कुठे जायचं’, ‘पंखा कधी दुरुस्त करायचा’, हे सगळं ‘हम’मध्ये ठरतं. तुमच्या तोंडचं मराठी अनेकवचन मुलीला ठळकपणे ऐकू येतं ते फोनवर: ‘आई, आम्ही शनिवारी येतो.’ तिथे ‘आम्ही’च बरोबर. तिने तेच घेतलं.

म्हणून ‘आपण म्हण, आपण’ असं दर वाक्याला टोकू नका. तिघांचा निदान एक बेत रोज मराठीत होऊ द्या. ‘आपण आज भजी करूया’ कळायला बायकोला शिकवणी लागणार नाही. आणि ‘आम्ही बागेत जाऊया?’ आलं की ‘मी पण येऊ ना? मग आपण जाऊया’ एवढंच म्हणा.

हे तुमच्या बायकोलाही सांगा, कारण तिच्या वाट्याची एक गोष्ट यात हुकते आहे. सासूबाई तिला ‘आपल्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो’ म्हणतात की ‘आमच्याकडे’, हे तिने कान देऊन ऐकावं. हिंदीच्या ‘हमारे यहाँ’त दोन्ही विरघळून जातात. मराठीत ‘आमच्याकडे’ म्हणजे सून अजून पाहुणी, ‘आपल्याकडे’ म्हणजे घरची. किती सासवा ठरवून बोलतात कोण जाणे, पण ऐकणाऱ्या मराठी सुनेला ते लगेच समजतं.

आणि ‘आपण’ रुळला की लगेच निर्धास्त होऊ नका. सोसायटीतली मुलं ‘आपण नाय घाबरत कोणाला’ म्हणतात, तिथे ‘आपण’ म्हणजे चक्क ‘मी’. तो प्रश्न तुम्ही वर्षभरात विचारालच.