ग्राहकांचे प्रश्न : पक्क्या बिलाविना घेतलेला कॅमेरा

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. दिवाळीत नवी पेठेतील एका दुकानातून कॅमेऱ्याची बॉडी घेतली. अधिकृत विक्रेत्यापेक्षा ती बरीच स्वस्त मिळाली. दुकानदाराने जीएसटीचे बिल दिले नाही, मात्र वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून ‘एक वर्ष काळजी नाही’ असे सांगितले. आता ऐन लग्नसराईत शटर अडकते आहे. हा अनुक्रमांक भारतात विकल्या जाणाऱ्या मालाचा नाही, असे सांगून कंपनीच्या सेवा केंद्राने वॉरंटी नाकारली. कंपनीविरुद्ध तक्रार करता येईल का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : तक्रार जरूर करावी, पण ती कंपनीपेक्षा दुकानदाराविरुद्ध करणे अधिक सयुक्तिक ठरेल. वॉरंटी म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या अटींवर दिलेली हमी असते, आणि कॅमेऱ्यांच्या बाबतीत ती बहुधा ज्या देशातील विक्रीसाठी माल पाठवला त्या देशापुरतीच असते. आपला कॅमेरा परदेशातील बाजारासाठी तयार होऊन आडमार्गाने येथे आलेला दिसतो. खोका जवळ असल्यास तो नीट पाहावा. रीतसर आयात झालेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल तर सेवा केंद्राच्या नकाराला आधार आहे, असेच म्हणावे लागेल.

मात्र कंपनीने हात वर केले म्हणून दुकानदार सुटत नाही. अशा मालाचा व्यापार करणाऱ्याने विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार व्यवहारात गृहीत धरली जाते आणि कंपनीच्या वॉरंटीशी तिचा संबंध नाही. शिवाय कार्डावरचा शिक्का ही दुकानदाराने स्वतः दिलेली हमी आहे, त्यामुळे ते कार्ड जिवापाड जपावे. ‘कंपनीची वॉरंटी मिळणार नाही’ असे त्याने विक्रीपूर्वी स्पष्ट सांगितले असेल, तर फसवणुकीचा मुद्दा लंगडा पडेल, परंतु सदोष मालाचा आणि दुकानाच्या हमीचा मुद्दा तरीही शिल्लक राहतो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा असल्याने, बिल नाही ही बाब आपल्यापेक्षा त्यालाच अधिक अडचणीची आहे. खरेदीच्या पुराव्यासाठी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण जपून ठेवावे.

आपण व्यावसायिक असल्यामुळे ‘हा ग्राहकच नाही’ असा बचाव समोरून हमखास येईल. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्यातून वगळलेली आहे खरी, पण केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. हाताखाली दहा जण ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याला हे म्हणणे सिद्ध करणे जड जाईल. आपण स्वतःच कॅमेरा घेऊन मांडवात उभे राहत असाल, तर तसे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

हंगाम बुडू नये म्हणून कॅमेरा बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेण्याचा मोह होईल, पण तो कृपया टाळावा. दोष मूळचा की हाताळणीतला, हे ठरवण्यासाठी ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो, आणि एकदा स्क्रू हलले की दुकानदाराला आयते निमित्त मिळते. तोवर भाड्याने कॅमेरा घेतलात, तर त्याच्या पावत्या नुकसानभरपाईच्या मागणीला जोडता येतील. सेवा केंद्राचा नकार लेखी घ्यावा.

आधी दुकानदाराला मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवावी. दाद न मिळाल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कायद्याने निकालासाठी तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले असले, तरी त्या भरवशावर पुढच्या हंगामाचे नियोजन करू नये.

प्रश्न : मुलीसाठी संकेतस्थळावरून लॅपटॉप घेतला. विक्रेता परराज्यातील आहे आणि तो आमच्या अधिकृत यादीत नाही, असे सांगून कंपनी वॉरंटी नाकारते. खटला तिकडे चालवावा लागेल का?
(एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथेच तक्रार दाखल करण्याची सोय केली आहे. विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क ग्राहकाला उपलब्ध करून देणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळावर बंधनकारक आहे. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, असेही त्यात म्हटले आहे. तत्पूर्वी लॅपटॉपचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. माल भारतासाठीचाच निघाला, तर केवळ विक्रेता यादीत नाही या कारणावरून दिलेला नकार मान्य करू नये. वॉरंटीची कोणती अट मोडली, हे कंपनीकडून लेखी मागावे.