आईला त्या पास्टरनी संमोहित केलंय का?

स्टेजवरून बोलता बोलता हजारोंना रडवणाऱ्या इव्हँजेलिकल प्रीचरच्या (येशूवरच्या विश्वासाचा जोरात प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या) सभांना घरातलं कुणी जायला लागलं की बाकीचे घाबरतात, आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, फक्त आईच्या जागी कधी नवरा असतो, कधी कॉलेजातला मुलगा.

अशीच एक तिशीतली मुलगी आली होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय). वडील गेल्यापासून आई एका मोठ्या पास्टरच्या सभांना जायची, परत आली की दोन दिवस नुसती हवेत, तिसऱ्या दिवशी एकदम गप्प, मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच पास्टरचे व्हिडिओ आणि परत पुढच्या सभेची वाट बघणं. मुलीने भांडून बघितलं, वायफाय बंद करून बघितलं, शेवटी पीटर पोपॉफची गोष्ट काढली. हा अमेरिकेतला फेथ हीलर, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणारा, समोरच्याचं नाव, पत्ता, आजार देवच मला सांगतो म्हणायचा, 1986 मध्ये जेम्स रँडी या भोंदूगिरी उघडी पाडणाऱ्या जादूगाराने आणि त्याच्या माणसांनी रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की याच्या कानात इअरपीस आहे आणि बायको लोकांनी सभेआधी भरून दिलेली प्रेयर कार्डं वाचून दाखवतेय. आई सगळं ऐकून म्हणाली, "आमचे पास्टर तसे नाहीत गं." विषय संपला!

आणि खरं सांगू का, नसतीलही. घरच्यांना वाटतं लबाडी सापडली की माणूस परत येईल, पण ओढ लागायला लबाडीची गरजच नसते, आणि पकडली गेली तरी ओढ सुटतेच असंही नाही, तो पोपॉफ दिवाळखोरी जाहीर करूनसुद्धा काही वर्षांनी परत टीव्हीवर आलाच की.

पुढच्या वेळी आई एकटीच आल्या. मी देवाचा विषयच काढला नाही, एवढंच म्हटलं की ताई, नेमकं कधी रडू आलं आणि त्याच्या आधी काय काय चाललं होतं ते सावकाश सांगा. त्या सांगायला लागल्या. आधी बराच वेळ गाणी, एकच ओळ पुन्हा पुन्हा, सगळे उभे, हात वर, शेजारची अनोळखी बाई यांचा हात धरून रडतेय. मग लाईट मंद, पास्टर येतात, आधी स्वतःच्या वाईट दिवसांबद्दल बोलतात, अगदी हळू आवाजात, आणि मागे कीबोर्ड वाजतच असतो, तो थांबतच नाही. मग म्हणतात डोळे मिटा, कुणी इकडे तिकडे बघू नका, इथे एक बहीण आहे जी घरात माणसं असूनही एकटी आहे, प्रभू तिला म्हणतोय मी पाहिलंय. "मॅडम, माझंच नाव घेतल्यासारखं वाटलं हो." थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "तिथं माझ्यासारख्या पुष्कळ असतील ना?"

असतीलच. पण म्हणून त्यांचं रडू खोटं ठरत नाही, आणि हेच मला मुलीला समजवायला जास्त वेळ लागला. एकत्र गाणाऱ्या, एकत्र हलणाऱ्या गर्दीत माणसाला स्वतःपेक्षा मोठं काहीतरी अंगात संचारल्यासारखं होतं हे एमिल दुर्खाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्येच लिहून ठेवलंय, आणि त्याच्याही आधी 1835 मध्ये चार्ल्स फिनी या प्रीचरनेच उघड लिहिलं होतं की रिव्हायव्हल, म्हणजे सभांमधून उसळणारी श्रद्धेची लाट, हा काही चमत्कार नाही, योग्य साधनं योग्य रीतीने वापरली की ते घडतं. 2011 चा एक डॅनिश अभ्यास आहे त्याचं मला फार कौतुक वाटतं, त्यात लोकांना प्रार्थना ऐकवल्या आणि काहींच्या बाबतीत सांगितलं की या बोलणाऱ्याच्या अंगी आजार बरे करायची शक्ती आहे, तर तसं मानणाऱ्या भाविकांच्या मेंदूतले पारखून बघण्याशी संबंधित भाग शांत झाले, आणि न मानणाऱ्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे अर्धं काम ऐकणारा स्वतःच करून ठेवतो. मुलगी एकदा आईबरोबर त्याच हॉलमध्ये जाऊन आली होती, तिचं फक्त डोकं दुखलं.

तेव्हा संमोहन वगैरे काही नाही. नवरा गेल्यावर या बाई घरी एकदाही मोकळ्या रडल्या नव्हत्या, सगळे म्हणत होते तुम्हीच खचलात तर मुलीचं काय. नवऱ्याचा फोन त्या अजून रोज रात्री चार्जिंगला लावतात, हे मुलीलाही माहीत नव्हतं. रडायला परवानगी असलेली एकच जागा त्यांना सापडली, आणि तिथे त्या रडण्याचा अर्थही तयार मिळाला, की हा पास्टरांचा अभिषेक, म्हणजे त्यांच्यातून येणारी देवाची शक्ती आहे, म्हणून पास्टर पाहिजेत. आमचं पुढचं काम मग नवऱ्याबद्दलच चाललं, पास्टर बाजूलाच राहिले.

एक गोष्ट मात्र त्यांनी पटकन उचलली. जोनाथन एडवर्ड्स, स्वतः रिव्हायव्हलमधला गाजलेला प्रीचर, त्याने 1746 च्या पुस्तकात मांडलंय की भावना कितीही जोरात उसळली, अंग थरथरलं, तरी त्यावरून ते देवाकडचं आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, प्रीचरने सांगितलं म्हणून चाललं :) त्यावरून आम्ही ठरवलं की सभेत हवं तेवढं रडायचं, पण पैशाचं वचन, गोळ्या, नाती, यातला कुठलाच निर्णय हॉलमध्ये घ्यायचा नाही, त्या गप्प गप्प तिसऱ्या दिवशी घ्यायचा. तो तिसरा दिवस म्हणजे विश्वास कमी पडला असं त्या समजायच्या, पण इतकं गाणं, गर्दी, जागरण झाल्यावर मन आणि शरीर खाली येणारच.

बाकी, बरं झालात म्हणून साक्ष द्या आणि औषधं सोडा असं कुणी म्हणत असेल, किंवा शंका आली की सैतान आला म्हणत असेल, घरच्यांपासून तोडत असेल, कर्ज काढून बीज पेरा, म्हणजे दान द्या, देव वाढवून परत देईल म्हणत असेल, तर समजुतीने घेत बसू नका, आणि औषधं बंद केली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

या आई अजून जातात, पण आधीपेक्षा कमी. मागच्या सभेत कबूल केलेली रक्कम त्यांनी तिसऱ्या दिवशी अर्धी केली. मुलीला ते पुरेसं वाटत नाही, तिला आईचं जाणंच बंद व्हायला हवंय, आता तिच्याशी माझं त्यावर बोलणं चालू आहे.