घरी चिवचिव, वर्गात चिडीचूप

"मॅडम, घरी ती आम्हाला बोलू देत नाही. शाळेत मात्र जूनपासून एक शब्द नाही. टीचरना वाटतं, हिला बोलताच येत नाही."

पाथर्डी फाट्याहून आलेली आई दिवाळीच्या सुट्टीत हे सांगत होती. साडेचार वर्षांची लेक तिच्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली. तिला आपण चिऊ म्हणू. सोबतच्या आजींचं निदान तयार होतं: "हट्टी आहे. बापावर गेलीये."

हल्ली अशा पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठलं ॲप लावू? चिऊच्या आईनं तर टॅब घेऊनही टाकला होता. त्यातलं कार्टूनचं मांजर 'से ॲपल' म्हणायचं आणि चिऊ खणखणीत 'ॲपल' म्हणायची. म्हणणारच. मांजराची तिला कुठे भीती होती?

आधी कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग आईनं घरातलं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. चिवड्यातले शेंगदाणे कोणी संपवले यावरून आजीशी कडाक्याचं भांडण! भाषा वयापेक्षा चार पावलं पुढेच. म्हणजे बोलता येतं, पण ठरावीक जागी, ठरावीक माणसांपुढे शब्द घशातच अडकतात. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत. नव्या जागी बरीच मुलं गप्प होतात.) १९३४ साली याला 'इलेक्टिव्ह' म्हटलं गेलं, जणू मूल ठरवूनच गप्प बसतं. १९९४ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या नियमावलीनं ते नाव बदललं आणि २०१३ पासून हा प्रकार चिंतेच्या विकारांत मोजला जातो. आजींना एवढंच म्हटलं, "ती मुद्दाम करत नाहीये."

माझा पहिला उपाय सपशेल फसला. टीचरशी घरून व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा दिसताच चिऊ दिवाणाखाली. माझंच चुकलं. समोरून कोणीतरी बघतंय, हीच तर तिची अडचण.

मग फक्त आवाज ठेवला. चिऊनं टीचरसाठी रोज काहीतरी बोलायचं, स्वतः ऐकायचं, आवडलं तरच पाठवायचं. बटण तिच्याच बोटाखाली. टीचरनी आवाजातच उत्तर द्यायचं आणि वर्गात त्याचा विषयही काढायचा नाही. पहिला मेसेज चार सेकंदांचा होता: "आम्ही गंगेवर बाजारात गेलो. भोपळा आणला." (बुधवारचा बाजार. नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगाच.)

आणि बाबांनी तो कौतुकाच्या भरात नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला! आत्याचा फोन, मामाचे अंगठे. चिऊनं दहा दिवस फोनला हात लावला नाही. शेवटी सेकंड शिफ्टला निघण्याआधी बाबांनी तिच्यासमोर बसून माफी मागितली, मोठ्या माणसाची मागावी तशी. या केसमधलं माझं सगळ्यात आवडतं काम ते, आणि ते मी केलेलं नाही.

पुढच्या पायऱ्या अगदी बुटक्या होत्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईसोबत रेकॉर्डिंग. मग टीचर दाराबाहेर, मग दारात, मग फळ्यापाशी पाठमोऱ्या. एकेका पायरीला आठवडा, कधी दोन. फोनचं काम रोज तीन-चार मिनिटांचं. टॅब मात्र मी कपाटात ठेवायला लावला. या वयाला बसून स्क्रीन पाहणं दिवसाला तासाच्या आत हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. इथे मांजर जेवणाच्या वेळाही खात होतं.

जे मूल घरीही बोलत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला आधी स्पीच थेरपिस्टकडे न्यावं. तिथे चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं ॲप खरोखर उपयोगी पडू शकतं. चिऊला उसना आवाज नको होता.

फेब्रुवारीत एका दुपारी रेकॉर्डिंग सुरू होईना. आई चार्जर शोधायला बाहेर गेली. टीचर वह्या तपासत होत्या. चिऊ थोडा वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली, मग त्यांच्या टेबलापाशी जाऊन पुटपुटली, "फोन मेला."

टीचरनी मान वर केली नाही. "हो का? मग आता काय करायचं?"

"थांबू."

हजेरीला ती अजून नुसता हात वर करते. टीचर तेवढ्यावर हजेरी लावतात.