जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा तो जाड, गोलसर इंग्रजी फॉन्ट कोणता? नाशिकमधल्या माझ्या बेकरीच्या बोर्डाला चालेल का?

अक्षरं पावासारखी फुगलेली, टोकं गोल, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या कव्हरांवर सारखी दिसणारी, असं वर्णन तुम्ही केलंय. म्हणजे तो कूपर ब्लॅकच. ‘द बीच बॉईज’ या अमेरिकी बँडच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’चं कव्हर उघडून बघा, खात्री पटेल. इझीजेट या विमान कंपनीचं नावही त्यातच आहे.

बोर्डाला चालेल, पण फक्त नावाला. पत्ता, मोबाइल नंबर, ‘ऑर्डरप्रमाणे केक मिळतील’ हे सगळं त्यात घातलंत तर नुसते काळे गठ्ठे दिसतील.

सत्तरच्या दशकातला वाटतो खरा, पण तो त्याहून बराच जुना आहे. शिकागोत ऑस्वाल्ड कूपर जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढायचा. तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कंपनीने, त्याच्याकडून अक्षरांचे नवे संच काढून घेतले आणि १९२२ साली कूपर ब्लॅकचे शिशाचे खिळे बाजारात आले. जाहिरातवाल्यांनी ते असे उचलले की बाकीच्यांनाही तशाच काळ्याकुट्ट टाइपची सोय बघावी लागली. मोनोटाइप या दुसऱ्या टाइप कंपनीने त्यासाठी फ्रेडरिक गाउडी या टाइपकाराला गाठलं आणि गाउडी हेवीफेस काढला. गंमत अशी की हा गाउडी कूपरचा शिक्षक!

जाड सेरिफ, म्हणजे टोकांना पाय फुटलेलं जाड अक्षर, तोवर शंभरेक वर्षं चालत आलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या पोस्टरांसाठी ‘फॅट फेस’ निघाले. उभ्या रेघा भल्याथोरल्या, आडव्या नावापुरत्या. आजचा अ‍ॅब्रिल फॅटफेस त्याच घराण्यातला. त्यात रुबाब आहे, पण अक्षर अंगावर येतं. कूपरने जाडी तशीच ठेवली आणि जाड-बारीक फरक मात्र जवळजवळ काढून टाकला. टोकांचे पाय त्याने इतके गोल केले की एकही कोपरा टोचत नाही.

एकदा अक्षर स्क्रीनभर मोठं करून बघाच. पायांचा तळ सपाट नाही, किंचित फुगून बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात तिच्या, खाली उतरलाय. स्मॉल ‘ओ’च्या पोटातली पोकळी चिमुकली आहे आणि ती सरळ उभी नाही, डावीकडे कललेली आहे. ‘आय’वरचा ठिपकाही तिरका, लंबगोल. हा कल ब्रशच्या किंवा रुंद टाकाच्या वळणातून येतो. त्यामुळेच एवढं वजन असूनही अक्षर ठोकळा वाटत नाही. नुसतं गोल आणि जाड केलेलं अक्षर आणि हे अक्षर शेजारी ठेवलंत की फरक लगेच कळतो.

मग साठ-सत्तरच्या दशकातच तो एवढा का बोकाळला? माझ्या मते मोठं कारण तंत्राचं. शिशाच्या खिळ्याला अंग असतं, दोन अक्षरं त्याहून जवळ येत नाहीत. फोटोटाइपसेटिंग (फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी) आणि लेट्रासेट (घासून कागदावर उतरवायची अक्षरं) आल्यावर अक्षरं एकमेकांना चिकटवता यायला लागली, आणि कूपर ब्लॅक चिकटून बसला की जास्त शोभतो. तुम्हीही कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधली जागा, घट्ट ठेवा. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. सगळी कॅपिटल केलीत तर त्यातला गोडवा निम्मा जातो. आणि कृपा करून त्याला आउटलाइन, शॅडो, ग्रेडियंट लावू देऊ नका. फ्लेक्सवाल्याचा हात तिकडे आपोआप जातो.

अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून आत एलईडी घालणार असाल तर हा फॉन्ट सोयीचाच. रेघ रुंद असल्याने आत पट्टी मावते, प्रकाश सगळीकडे पोचतो. फॅट फेसच्या बारीक रेघेत एलईडी बसतच नाही.

एमएस ऑफिस असेल तर कूपर ब्लॅक बहुधा तुमच्या कॉम्प्युटरवर आधीच आहे. म्हणूनच तो वाढदिवसाच्या बॅनरपासून सगळीकडे भेटतो. जरा वेगळं हवं असेल तर फ्राउन्सेस बघा. गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, त्याच जुन्या मऊ सेरिफांवरून केलेला, आणि टोकं किती गोल हवीत ते त्यात कमीजास्त करता येतं. मला तुमच्यासाठी तोच जास्त आवडेल.

आता मराठीचं बघा, कारण दुकान नाशिकला आहे. कायद्याप्रमाणे देवनागरी नाव आधी यायला हवं आणि ते इंग्रजीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे मराठी अक्षर आधी ठरवा, मग त्याला शोभेल असं इंग्रजी. कूपर ब्लॅकशेजारी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा बलू हा देवनागरी फॉन्ट छान बसतो: सेरिफ नाही, पण तसाच जाड आणि गोल, शिवाय फुकट. रोझा वन हा दुसरा देवनागरी फॉन्ट मोहात पाडेल, पण त्यात जाड-बारीक फरक टोकाचा आहे. त्याची जोडी अ‍ॅब्रिल फॅटफेसशी, कूपरशी नाही. जाड देवनागरीत जागेचीही ओढाताण असते: वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. नावात ‘ष्ट’ किंवा ‘ज्ञ’ असेल तर त्याचीच मोठी प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचून बघा. गाठी भरून गेलेल्या दिसल्या तर बलूचं एक पायरी बारीक वजन, म्हणजे कमी जाडीचं रूप, घ्या.